नदीच्या मधातलं पाणी

माझा आवाज मोठा आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. एसटीत कंडक्टरकी करताना तो कमावलेला आहे. बाजाराच्या दिवशी खचाखच भरलेल्या गाडीत मागच्या बाकापासून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत ‘पुढे सरका’ पोचवायचं, तर गळ्यात तेवढा दम लागतोच. रागही मला पटकन येतो. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणाऱ्या भल्याभल्यांना मी गप्प केलंय आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. पण साकोलीची गाडी भंडाऱ्यातून निघून वैनगंगेच्या पुलावर चढली की हाच आवाज आपोआप खाली यायचा. तिकिटाच्या मशीनमध्ये डोकं घालून मी उगाच बटणं दाबत बसायचे. खिडकीबाहेर बघायचे नाही. पूल संपला की मग मान वर. ड्रायव्हरला हे माहीत होतं, म्हणून तो पुलावर मुद्दाम गाडी हळू घ्यायचा आणि आरशातून माझ्याकडे बघून हसायचा.

माझं माहेर तुमसरचं. वडील राइस मिलमध्ये हमाल होते. आमच्या वस्तीत पाणी म्हणजे हातपंप. लहानपणी आम्ही भावंडांनी उड्या मारल्या त्या मिलमागच्या कोंड्याच्या ढिगावर. खोल पाण्याशी आमचा संबंधच आला नाही. लग्न होऊन भंडाऱ्यात आले तर घर नदीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात नदी चढली की तिचा वास घरात यायचा आणि मला जेवण जायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, “नदी काय तुले खाऊन राहिली काय वो?” मी म्हणायचे, “अजून नाही.”

अशा माझ्या घराजवळच्या घाटाखाली, नदीच्या पाण्यावर, तरंगता जलतरण तलाव आला.

तरंगता का, ते सांगते. खाली धरण झाल्यापासून आमच्याकडे नदी धड वाहत नाही, उभी राहते. धरणाची दारं लावली की पाणी घाटाच्या पायऱ्या चढतं, उघडली की चिखल मागे ठेवून उतरतं. असल्या काठावर सिमेंटचा तलाव बांधून काय करायचं? म्हणून निळ्या प्लॅस्टिकच्या पोकळ ठोकळ्यांची एक मोठी चौकट केली, ती पाण्यावर सोडली आणि जाड साखळ्यांनी नांगरून ठेवली. चौकटीच्या पोटात लोखंडी सांगाडा आणि त्यावर बारीक जाळीचा तळ. पाणी नदीचंच, जाळीतून येणारं-जाणारं. एका टोकाला ते कंबरभर, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून हातभर जाईल एवढं. काठावरून तिथवर जायला हलता पूल. जलपर्णी आत येऊ नये म्हणून भोवती बांबूचं कुंपण. नदी चढली की हे सगळं मिळून चढतं, उतरली की उतरतं.

धरणाच्या पाण्यात मासे वाढवायचे पिंजरे असतात, ते ज्यांनी पाहिले होते त्यांनी हे प्रकरण लगेच ओळखलं. गावात त्याला तलाव कोणी म्हणालंच नाही. पिंजरा हेच नाव पडलं. आधी मासोळ्या पिंजऱ्यात होत्या, आता माणसं, असं म्हणून ऑटोवाले घाटावर उभे राहून हसायचे आणि ऊन तापलं की तेच पहिले आत उड्या मारायचे.

दुपारचा एक तास बायांचा होता. तेवढ्यापुरते चौकटीभोवती हिरवे पडदे लावायचे आणि पोरांना घाटावर पिटाळायचं. माझी ड्यूटी पहाटेची असली की दुपारी मी मोकळी असायचे. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात दुपारी घरात बसणं म्हणजे तव्यावर बसणं. कूलर गरम हवा फेकतो, लाइट जाते, नवरा बनियनवर पालथा पडलेला. एक दिवस सासूबाईच म्हणाल्या, “चाल, तुह्या त्या पिंजऱ्यात पाय तरी टाकून येऊ.” सासूबाईंचे गुडघे गेलेत. घाटाच्या पायऱ्या उतरताना त्यांना माझा हात लागतो. हात धरतात, पण शिकवणं थांबवत नाहीत.

पहिले काही दिवस बायांच्या तासात एकही बाई पोहली नाही. आम्ही सगळ्या चौकटीवर ओळीनं बसायचो आणि पाय पाण्यात सोडायचो. कुणी सोबत मुरमुरे-फुटाणे आणायची. कुणाच्या पोरीचं कुठे जमतंय, कुणाच्या सुनेला नोकरी लागली, सगळं तिथे कळायचं. एक बाई धीर करून गाऊनवरच पाण्यात उतरली, तर गाऊनमध्ये हवा भरून तो तिच्या भोवती टम्म फुगला. तिला ना बुडता येईना ना उभं राहता येईना. त्यानंतर गाऊनला बंदी झाली आणि आम्ही जुने सलवार आणि नवऱ्यांचे टी-शर्ट घालायला लागलो.

शिकवायला एक मुलगी होती, नागपूरची, गळ्यात शिट्टी. आम्ही तिला मॅडम म्हणायचो आणि ती आम्हाला ताई, काकू, आजी असं वयाप्रमाणे. तिच्याकडे फोमच्या पाट्या होत्या. त्या धरून पाय मारायचे, पाटी आपल्याला तरंगवते, असं ती रोज समजावून सांगायची. आम्ही ती पाटी हातात घेऊन उलटसुलट बघायचो. खाऱ्या बिस्किटापेक्षा जड नाही, आणि ती म्हणे मला धरून ठेवणार. कुणाचाच विश्वास बसला नाही. मी तर कंबरभर पाण्यात उतरून कठडा धरून उभी राहायचे, डोळे मिटायचे आणि थंडाव्याचं सुख घ्यायचे. तेवढं मला पुरेसं होतं.

पुरेसं काय, खूप होतं. आज खरं सांगायचं तर नोकरी लागल्यापासून माझा असा तासच नव्हता. गाडीवर प्रवाशांची, घरी आले की घरच्यांची. पाण्यात उभं राहिलं की मला कुणी हाक मारत नव्हतं. तो तास माझा होता आणि मला तो फार आवडायला लागला होता.

आणि नेमका तोच जायची वेळ आली. पिंजऱ्याची एक समिती होती. तिचे अध्यक्ष एक दिवस तास संपताना हलत्या पुलावर आले. पडद्याबाहेर उभं राहून फार गोड आवाजात म्हणाले, “ताई हो, राग मानू नका. तुमच्या तासात कोणी पोहत नाही. पाय धुवायला घाट आहे ना. पोरांना स्पर्धेच्या सरावाला वेळ पुरत नाही, तर हा तास त्यांना देऊ म्हणतो.”

बाकी बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. माझं डोकं फिरलं. मी ओल्या कपड्यांनिशी, पडद्याच्या अलीकडून, गाडीतल्या आवाजात बोलले. पोरांना सकाळ आहे, संध्याकाळ आहे, रविवार आहे, सगळी नदी आहे. आम्हाला हा एक तास आहे. तो पण काहून पाहिजे तुम्हाले? आम्ही पोहत नाही हे कुणी सांगितलं? शिकून राहिलो आम्ही. घाटावरच्या ऑटोवाल्यांनासुद्धा शब्दन्‌शब्द ऐकू गेला असं मला नंतर कळलं.

अध्यक्ष माणूस सरळ होता. तो म्हणाला, “ठीक आहे. येत्या रविवारी सगळ्यांसमोर एक तरी बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तर तास तुमचा. नाही तर मग पोरांचा.” मॅडमनं मध्ये तोंड घातलं, “आधार घेतला तर चालेल ना सर?” तो म्हणाला, चालेल, फक्त कठडा धरायचा नाही.

तो गेल्यावर मी बायांना विचारलं, कोण जाईल? सगळ्या एकसाथ म्हणाल्या, “तू बोलली ना, मंग तूच जाय.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी आल्यावर सासूबाई सरळ माडीखालच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या आणि त्यांचा लग्नातला गुंड ओढत बाहेर आणला. गुंड म्हणजे पाणी भरायचं पितळी भांडं, पोट मोठं, गळा अरुंद, वर काठ. नळ आल्यापासून तो त्या खोलीत तांदूळ ठेवायच्या कामाला होता. काळा पडलेला, एका बाजूला चेपलेला. त्यांनी तांदूळ सुपात काढले, गुंड उपडा केला आणि त्याच्या बुडावर हात आपटून म्हणाल्या, “हा धरून जाय.”

मी म्हटलं, “आई, पितळ बुडते.”

“सरका, तोंड वर ठेवला तं पानी भरून बुडते. उपडा काहून बुडन? पोटात हवा हाय त्याच्या.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांच्या संसारात कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं माहेर बपेऱ्याकडचं, नदीकाठचं. घरचे लोक बौद्ध झाले होते, पण गावानं घाट काही बदलला नव्हता. वरचा घाट गावाचा आणि खालचा काठ यांच्या वस्तीचा. वर म्हशी धुतल्या जायच्या, कपडे धुतले जायचे, आणि ते सगळं वाहत यांच्या काठाला लागायचं. स्वच्छ पाणी होतं ते मधात, पात्राच्या मध्यावर, आणि तिथे कुणाचा घाट नव्हता. पण तिथवर पायी जाता येत नव्हतं. म्हणून वस्तीतल्या पोरी रिकामा गुंड उपडा करून छातीखाली धरायच्या आणि पाय मारत मध्यापर्यंत जायच्या. तिथे गुंड सरका करून अर्ध्याहून जास्त भरायचा आणि तो तरंगता ढकलत परत काठाला आणायचा. सासूबाई हे अगदी लहान असल्यापासून करायच्या. “मधातलं पानी आनलं का माय दाराशी उभी राहे,” त्या म्हणाल्या. “मले वाटे मी कोनी मोठी हाव.” लग्न होऊन त्या भंडाऱ्यात आल्या. आईनं तोच गुंड सोबत दिला. इथे नळ होता, त्यामुळे नदीत जायचं काही काम उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुंड काखेत मारून आम्ही हलत्या पुलावरून गेलो. मॅडम बघून हसतच सुटली. “आजी, हे धातूचं आहे, बुडेल.” सासूबाईंनी गुंड उपडा करून पाण्यावर दाबला. तो दबेना. मॅडमनं स्वतः दोन्ही हातांनी दाबून बघितला, तरी तो उसळून वर आला. मग तिनं शिट्टी खिशात टाकली आणि म्हणाली, “मला पण शिकवा.”

आणि इथे गंमत झाली. ज्या बाया फोमच्या पाटीला हात लावायला तयार नव्हत्या, त्यांचा पितळेवर मात्र एका मिनिटात विश्वास बसला. पाटी बुडत नाही आणि पितळ बुडतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पितळ घरचं होतं, जड होतं, आईनं दिलेलं होतं. दोन दिवसांत घरोघरच्या माळ्यावरचे गुंड खाली आले. बायांचा तास म्हणजे पाण्यावर गुंडच गुंड, आणि प्रत्येकीच्या छातीखाली एक. कठड्यावर बसून सासूबाई हुकूम सोडायच्या. “पोट वर. गुडघा नोको वाकवू, पायानं मार. सायकल चालवून राहिली काय?” मॅडम त्यांच्या शेजारी बसून तेच शुद्ध भाषेत सांगायची.

माझ्या गुंडाच्या गळ्यात एक जुनी दोरी होती. तिचं दुसरं टोक मी मनगटाला बांधायचे, म्हणजे निसटला तरी जाणार नाही. कंबरभर पाण्याच्या बाजूला मला जमायला लागलं. पाय तळावरून उचलले की सुरुवातीला मी ते लगेच परत टेकवायचे, मग तेही थांबलं. पण खोल बाजूकडे मी एकदाही गेले नाही. जिथून तळ खाली जायला लागतो, तिथे पोचले की आपोआप मागे वळायचे. मॅडम म्हणायची, ताई, पाय तर तुम्हीच मारताय, गुंड फक्त सोबत आहे. मी म्हणायचे, सोबत आहे तेच बरं आहे.

शनिवारी मला दुपारची ड्यूटी होती. रात्रीची जेवणं व्हायच्या सुमाराला घरी आले तर अंगणात सासूबाई गुंड घासत बसलेल्या. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव आहे. इथे भांडं घराबाहेर काढायचं तर घासून काढायचं, हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची हिंमत नाही. सासूबाई तर चेपलेलं भांडं दुकानात ठोकायला न्यायचं असलं तरी आधी घासतात, नाही तर दुकानदार काय म्हणेल. उद्या तर अख्खा घाट बघायला येणार होता. चिंच लावून, राख लावून, नारळाच्या शेंडीनं त्यांनी गुंड असा काढला होता की त्यात बल्ब दिसत होता. गळ्यातली दोरी त्यांनी सोडून फेकली होती. “बकरीच्या गळ्यात हाय का गुंडाच्या, समजेना,” म्हणाल्या. आणि शेवटी, चमक टिकावी म्हणून, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला. मी बघत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण माझी आई पण असंच करते.

रविवारी घाट भरलेला होता. ज्यांना पोहण्याशी घेणंदेणं नाही ते पण आले होते. पडदे आज लावले नव्हते. अध्यक्ष प्लॅस्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून बसले होते. बायांनी आपापले गुंड आणले होते, आणि बघते तर सगळेच घासलेले. एकीनं पण काळा गुंड आणला नव्हता. उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. नवरा मला म्हणाला, “जपून.” एवढंच म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरलेला होता.

मॅडमनं शिट्टी मारली. मी उपडा गुंड छातीखाली घेतला आणि निघाले. कंबरभर पाणी सरलं. तळ उतरायला लागतो ती जागा आली. नेहमी मी तिथे वळायचे. सगळ्या घाटादेखत वळायला मला लाज वाटली, म्हणून पाय मारत राहिले. पायाखाली काही लागत नव्हतं. पिंजऱ्याच्या मध्यावर आले असेन. हात ओले, पितळ ओलं, वर तेल. गुंड माझ्या छातीखालून एका बाजूला सरकला. मी त्याला घट्ट धरायला गेले, तसा तो आणखी सरकला. मग तो कलला, पोटातली सगळी हवा त्यानं एका मोठ्या बुडबुड्यात सोडून दिली आणि खाली गेला.

मी पण गेले. पाणी नाकात शिरलं, कानात शिरलं. वर आले तेव्हा मॅडम उडी मारायच्या तयारीत कठड्यावर वाकलेली दिसली. मी हात हलवला. तो मदतीसाठी हलवला की नको म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात माझ्यापेक्षा मोठा आवाज ऐकू आला. आमच्या घरात असा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं.

“पाय मार वो. पाय. गुंडाले काय पाहून राहिली?”

मला त्या वेळी कुणी थोर आठवलं नाही. आठवलं ते माझं रोजचं वाक्य, पुढे सरका. मी स्वतःलाच ते मनात ओरडून सांगितलं आणि पाय मारले. पोट वर, गुडघा सरळ. हातांना आता काही काम नव्हतं, म्हणून त्यांनी पण पाणी मागे ढकलायला सुरुवात केली. वर आले, श्वास घेतला, थोडं पाणी प्याले, परत वर आले. आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी बुडत नव्हते. पाण्यानं मला धरलं होतं, गुंडाला धरत होतं तसंच. हे कळल्यावर भीती कुठे गेली कोण जाणे. उरलेलं पाणी मी घाई न करता कापलं. समोरच्या टोकाचा लोखंडी कठडा हाताला लागला तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं की एवढ्यात संपलं.

घाटावर एकच गलका झाला. ऑटोवाल्यांनी हॉर्न वाजवले. बाया कपड्यांसकट पाण्यात उतरल्या, काही तर गाऊनवर, आणि कुणी त्यांना अडवलं नाही. अध्यक्ष खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. “आधार चालेल म्हटलं होतं आपण,” ते म्हणाले, “यांनी तर आधार सोडून दाखवला. तास तुमचा.” मी कठड्याला लटकून धापा टाकत होते आणि हसत होते. इतकी मी लग्नात पण हसले नव्हते. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, आणि तो लपवायचा मी काहीच प्रयत्न केला नाही.

पुलाचं नंतरचं इथेच सांगून टाकते. त्या आठवड्यात साकोलीची गाडी पुलावर चढली आणि ड्रायव्हरनं नेहमीसारखी हळू घेतली. मी मशीन बंद केलं, त्याच्यामागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “आणखी हळू घे. दिसू दे नदी.” त्यानं आरशात बघितलं आणि त्या दिवसापासून त्याचं ते हसणं बंद झालं.

पण रविवारचं अजून राहिलंय. सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा सासूबाई मात्र कठड्याकठड्यानं हळूहळू चालत माझ्यापर्यंत आल्या, खाली वाकल्या आणि म्हणाल्या, “गुंड कोठी हाय?”

सगळे हसले. मॅडम म्हणाली, आजी, मी काढून देते, माझं कामच आहे ते. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्यांच्या आईनं दिलेला गुंड पाण्याखाली होता आणि तो निसटला तो त्यांच्याच तेलामुळे, हे त्यांना कळलेलं होतं. मी मॅडमला म्हटलं, “नको. मीच काढते.”

खोल बाजूला चौकटीला लोखंडी शिडी आहे. मी श्वास घेतला आणि शिडी धरून पायरी-पायरीनं खाली गेले. पाण्याखाली डोळे मी कधी उघडले नव्हते. त्या दिवशी उघडले. सगळं हिरवट होतं, गढूळ, हातभर लांबचं दिसत नव्हतं. पण तळाच्या जाळीवर एके ठिकाणी पिवळं काहीतरी चमकत होतं. काळा गुंड असता तर तो मला सापडला नसता. जाळी उताराची असल्यामुळे तो घरंगळत शिडीपर्यंत आला होता. मी एका हातानं शेवटची पायरी धरली, दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या काठात अडकवली आणि वर निघाले. पाण्याच्या आत तो हलका होता. वर आल्यावर मात्र त्यानं वजन दाखवलं. मॅडमनं आणि दोघी बायांनी काठ धरून तो ओढला आणि कठड्यावर सरका ठेवला. काठोकाठ भरलेला होता.

मी वर आले आणि पाणी ओतून द्यायला त्याला हात घातला.

“ओतू नोको,” सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आपल्या पदराला डोळे पुसले, मग माझ्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याची चुंबळ वळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. थोडं पाणी सांडून आम्ही गुंड उचलला. मी तो डोक्यावर घेतला आणि हलत्या पुलावरून चालायला लागले. सासूबाई पुढे होत्या. पुलावर गर्दी होती, तर त्या मोठ्यानं म्हणाल्या, “सरका वो, पुढं सरका.” गर्दी सरकली. घाटाच्या पायऱ्या आल्या, तिथे त्यांना नेहमी माझा हात लागतो. माझे दोन्ही हात गुंडाला होते. त्या एकट्याच चढायला लागल्या, थांबत थांबत, गुडघ्यावर हात ठेवत.

वर घाटावर आमच्या गल्लीतली एक बाई उभी होती. ती हसून म्हणाली, “काय आजी, घरचा नळ बंद झाला काय?”

सासूबाई थांबल्या. त्यांना दम लागला होता. आधी त्यांनी माझ्या डोक्यावरचा गुंड नीट आहे का बघितला, मग तिला म्हणाल्या, “नळ चालू हाय. पन हे मधातलं पानी हाय. माह्या सुनेनं आनलं.”